आजोबा आणि नात एकत्र बसून पाहू शकतील असे जुने मराठी चित्रपट कोणते?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझे वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी गावातल्या टॉकीजला लागलेला मराठी चित्रपट त्यांनी सहसा चुकवला नाही. खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेरा स्तंभाजवळ थांबून चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा कसा तयार केला, हे ते मला न चुकता सांगत असत. आता गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे थांबले आहे आणि एका कानाने कमी ऐकू येते. माझी मुलगी आठवीत आहे. दर रविवारी दुपारी या दोघांनी घरच्या दूरचित्रवाणीवर एक जुना चित्रपट एकत्र पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिल्या रविवारी मोठ्या हौसेने १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ लावला. मराठीतला पहिला बोलपट, तोही ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था कोल्हापुरात असताना तयार झालेला, म्हणून सुरुवात त्यानेच करावी असे वाटले. परंतु संवाद नीट ऐकू येईनात, वडील प्रत्येक वाक्यानंतर “काय म्हणाला?” असे विचारू लागले, मुलगी शब्दांचे अर्थ विचारू लागली आणि अर्ध्या तासात आम्हाला चित्रपट बंद करावा लागला. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला पाहवला नाही. पुढच्या रविवारी कोणता चित्रपट निवडावा, आणि ऐकू येण्याच्या अडचणीवर काही उपाय आहे का, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (मंगळवार पेठ)

आपण चित्रपट चांगलाच निवडला होता. फक्त तो पहिल्या रविवारी लावायला नको होता. बोलपटाच्या त्या आरंभीच्या दिवसांत पार्श्वगायन नव्हते. नट कॅमेऱ्यासमोरच गात आणि बोलत, आणि ध्वनिग्राहकापासून दूर जाता येत नसल्याने पात्रे बरीचशी एका जागी उभी राहून, नाटकातल्यासारखी बोलतात. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांचे काम त्याही मर्यादेत उठून दिसते, परंतु ते जाणवण्यासाठी त्या काळाच्या चित्रपटांची थोडी सवय लागते आणि आठवीतल्या मुलीला ती एकदम होणार नाही.

माझ्या मते पुढच्या रविवारी ‘संत तुकाराम’ लावावा. तो १९३६ चा, म्हणजे अवघ्या चार वर्षांनंतरचा आहे, पण त्या चार वर्षांत ‘प्रभात’ने ध्वनीवर केवढी हुकमत मिळवली होती, हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, म्हणजे आपल्याच गावात तयार झालेले. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम वडिलांच्या ओठांवर असेलच. मुलीला मात्र आवली आधी आवडेल, असे मला खात्रीने वाटते. गौरी यांनी केलेली ती आवली घरात दाणा नाही म्हणून चिडते, नवऱ्याला बोलते, थेट विठोबाला जाब विचारते, आणि तरीही त्या माणसावरचा तिचा जीव एका क्षणासाठीही कमी होत नाही. संतपटात इतकी हाडामासाची बाई मी दुसरी पाहिलेली नाही. अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो तर आजच्या मुलांना कोणी न समजावताही कळतो.

‘आधी बीज एकले’ हे पद लागले की मुलीला अवश्य सांगावे की तो तुकोबांचा अभंग नाही. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेली ती रचना अनेकांना खरा अभंगच वाटली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे वडिलांना बहुधा ठाऊकच असेल.

उत्तर २ (शाहूपुरी)

मी ध्वनिसामग्रीच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून चित्रपटाच्या निवडीपेक्षा ऐकण्याविषयी लिहितो.

जुन्या चित्रपटांचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या साहाय्याने उमटवलेला असे. त्या पद्धतीत उंच स्वर फारसे टिकत नसत आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने पुसट होत. वाढत्या वयात कानाला हेच उंच स्वर आधी कमी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे आपल्या वडिलांची अडचण दुहेरी आहे. नुसता आवाज मोठा केला तर खरखरही तितकीच मोठी होते. त्याऐवजी आवाज चहूबाजूंनी घुमवणारी सोय बंद करावी, संवाद स्पष्ट करणारी सोय असल्यास ती चालू करावी आणि एखादा लहान स्पीकर वडिलांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, खुर्चीपासून हाताच्या अंतरावर ठेवावा. मूळ आवाज एकाच वाहिनीचा असल्यामुळे एका स्पीकरने काहीही गमावले जात नाही. पंखाही शक्य तितका हळू ठेवावा.

चित्राबद्दलही एक सांगतो. त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणातली होती. आजचे पडदे सोळास नऊ प्रमाणाचे असल्याने यंत्र ते चित्र आडवे ताणते आणि दुर्गाबाईंसारखा रेखीव चेहरा रुंद दिसू लागतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा वाया जात आहे असे मानू नये. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय हल्लीच्या संचांत आपोआप चालू असते, तीही बंद करावी, कारण तिच्यामुळे जुन्या चित्रपटाचा पोत पूर्ण बदलतो.

उत्तर ३ (कसबा बावडा)

‘संत तुकाराम’ उत्तमच आहे, परंतु मुलगी आठवीत असेल तर मी आधी ‘कुंकू’ दाखवीन. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनाने स्वीकारायला ठाम नकार देते, आणि शांता आपटे यांनी तो नकार ज्या करारी नजरेने उभा केला आहे, तो १९३७ सालचा आहे यावर विश्वास बसत नाही. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलेले नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. संवादांखाली वाद्ये वाजत नसल्यामुळे ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना हा चित्रपट अधिक सोपा जातो, हा माझा सासूबाईंच्या बाबतीतला अनुभव आहे.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

‘कुंकू’च्या थोरवीबद्दल दुमत नाही, पण येथे मी असहमत आहे. केशवराव दाते यांचे काकासाहेब शेवटी ज्या वाटेने जातात, ती एका वृद्ध माणसाने आणि तेरा वर्षांच्या मुलीने पहिल्याच खेपेस शेजारी बसून पाहावी, असे मला वाटत नाही. तो चित्रपट आधी आपण एकट्याने पाहावा, दोघांशी बोलून घ्यावे आणि मगच लावावा. मध्ये एखादा हलका रविवार हवा असेल तर मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आहे. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा तो चित्रपट आचार्य अत्रे यांनी लिहिला आहे.

उत्तर ४ (गडहिंग्लज)

आपले वडील एकोणऐंशी वर्षांचे म्हणजे ‘प्रभात’चे चित्रपट त्यांच्या आधीच्या पिढीचे झाले. त्यांच्या स्वतःच्या तरुणपणाचा चित्रपट भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आहे. तो १९६५ साली आला, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर असतील. गावातला लोहार आणि त्याची बायको शहरात येतात आणि त्यांच्या साधेपणाची तिथे कशी परीक्षा होते, एवढीच कथा आहे, पण सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी ती फार मायेने रंगवली आहे. ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे जगदीश खेबुडकरांचे गीत लतादीदींनी गायले आहे आणि ‘आनंदघन’ या नावाने संगीतही त्यांचेच आहे. माझ्या वडिलांना शेवटच्या वर्षांत माणसांची नावे आठवत नसत, पण भात्याच्या तालावरचे हे गाणे लागले की ते पुढची ओळ आधी म्हणत. म्हणून आग्रहाने लिहीत आहे.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा सर्वांचा ऋणी आहे. शाहूपुरीच्या स्नेह्यांनी सांगितल्याप्रमाणे स्पीकर खुर्चीजवळ ठेवला, चित्राची चौकट मूळ प्रमाणात आणली आणि काल ‘संत तुकाराम’ पूर्ण पाहिला. सुमारे सव्वादोन तासांत वडिलांनी दोनदाच विचारले की काय म्हणाला, आणि दोन्ही वेळा उत्तर मुलीने दिले. आवलीचे बोलणे सुरू झाले की ती पुढे सरकून बसत होती. चित्रपट संपल्यावर तिने आजोबांना विचारले, “आवलीने शेवटी तुकारामाबरोबर जायला नको होते का?” त्यावर त्या दोघांचे जेवणापर्यंत बोलणे चालले होते.

पुढच्या रविवारसाठी ‘साधी माणसं’ ठरला आहे. वडिलांना नाव सांगताच त्यांनी तो कोणाबरोबर पाहिला होता ते सांगितले. ते नाव मी घरात याआधी कधी ऐकलेले नव्हते.