अडचण रेशनची नाही, हमीभावाची आहे
'जागतिक व्यापार संघटना आपलं रेशन बंद पाडेल' असं म्हटलं जातं, पण ते तितकंसं बरोबर नाही. गरिबांना स्वस्त धान्य वाटायला नियमांची आडकाठी नाहीच. बोट ठेवलं जातं ते हमीभावाने होणाऱ्या सरकारी खरेदीवर. आणि गंमत बघा, या खरेदीतलं अनुदान मोजताना आजच्या हमीभावातून वजा करायची ती १९८६-८८ ची संदर्भ किंमत! मधली महागाई हिशेबात धरायला श्रीमंत देश फारसे राजी नाहीत. मग २०१८-१९ मध्ये भारताच्या तांदळावरच्या अनुदानाने उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली यात नवल ते काय? २०१३ च्या बाली परिषदेतल्या 'पीस क्लॉज'मुळे, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी इतर देशांनी तक्रार करायची नाही या सवलतीमुळे, निभावलं. पण तो तेव्हा चालू असलेल्या योजनांपुरताच. उद्या नवी योजना आणली, तर हे छत्र डोक्यावर नाही.