टाइमशेअर मेंबरकडून रिसॉर्टची रूम घ्यावी का?

मांजलपूरकर
दिवाळीच्या सुट्टीत वडोदऱ्याहून उदयपूरला जायचंय. चार मोठे, दोन मुलं, तीन रात्री. ओळखीतल्या ओळखीचे एक गृहस्थ टाइमशेअर मेंबर आहेत (म्हणजे पैसे भरून कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठराविक रात्री राहण्याचा हक्क घेतलेले), ते हॉटेलच्या जवळजवळ निम्म्या भावात रूम करून देतो म्हणतात, पण सगळे पैसे आगाऊ हवेत. काय तपासावं?

दांडियाबाजारचे काका
निम्मा भाव खरा असू शकतो. वार्षिक फी भरावीच लागते, मग रात्री वाया घालवण्यापेक्षा मेंबर स्वस्तात देतो. फक्त आधी मेंबरशिपचा हंगाम विचारा. क्लब महिंद्रा या टाइमशेअर कंपनीत पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू असे रंग आहेत आणि पर्पल म्हणजे ऐन गर्दीचे दिवस. ब्लूवाल्याने दिवाळीचा शब्द दिला तर जपून. ‘करून देतो’ याला काही अर्थ नाही, झालेलं बुकिंग हवं आणि त्यावर गेस्ट म्हणून तुमचं नाव हवं.

व्हाउचरची पीडीएफ कुणीही बनवू शकतं. रिसॉर्टचा नंबर व्हाउचरवरून घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. फोन करून बुकिंग नंबर, तारखा, रूमचा प्रकार, गेस्टचं नाव आणि माणसांची संख्या जुळवा. मेंबरची फी थकली असेल तर बुकिंग अडकू शकतं, तेही विचारा. निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करा, कारण बुकिंग रद्द करण्याचा हक्क शेवटपर्यंत मेंबरकडेच राहतो.

अलकापुरी_४
काकांचं बरोबर, पण मुख्य धोका वेगळा आहे. बऱ्याच कंपन्या गेस्ट पाठवू देतात, पण पैसे घेऊन रूम देणं नियमात बसत नाही. काही बिनसलं तर कंपनी फक्त मेंबरशी बोलेल, कारण तुमचा तिच्याशी करारच नाही. म्हणून रद्द झाल्यास किती पैसे, किती दिवसांत परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सगळे आगाऊ देऊ नका: थोडे नाव चढल्यावर, उरलेले चेक-इनला. तयार नसतील तर सोडून द्या. पैसे पाठवायचं खातं मेंबरच्याच नावाचं हवं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मांजलपूरकर
रूम स्टुडिओ, म्हणजे एकच खोली, आहे म्हणाले. सहा जण मावतील?

दांडियाबाजारचे काका
नाही. चार मोठ्यांना किमान वन बेडरूम हवी. जादा माणसाचे पैसे काउंटरवर मागतात, कधी नकारही देतात. मुलांची वयं आधी कळवा आणि प्रत्येक मोठ्याचं ओळखपत्र न्या, पॅन कार्ड चालत नाही. भाव बहुधा नुसत्या रूमचा असतो. रिसॉर्ट गावाबाहेर असेल तर सहा जणांचा बुफे तीन दिवस धरून हिशेब करा, निम्म्या भावातली बचत तिथेच संपू शकते. नाश्ता धरलेल्या हॉटेलशी तुलना करा.

अलकापुरी_४
तारखा हलत असतील तर लाभपाचमनंतर (कार्तिक शुद्ध पंचमीनंतर) जा. भाऊबीज ते लाभपाचम आपला अर्धा गुजरात उदयपूरला असतो. नंतर हॉटेलचेच भाव उतरतात, मग मेंबरकडून घेण्याची गरजही उरत नाही.