‘लक्षण’ पुरेसे, की ‘व्यवच्छेदक लक्षण’च हवे?

प्रश्न : मोथ्याच्या कुळातल्या (सायपेरेसी) सारख्या दिसणाऱ्या जाती कशा ओळखायच्या, यावर लेख लिहिते आहे. जाती वेगळ्या काढताना खोडाचा आकार, तुषांचा (फुलांवरच्या खवल्यांचा) रंग, फळाची ठेवण अशा ज्या गोष्टी पाहतात त्यांना एकच शब्द कोणता वापरावा? ‘गुणधर्म’ रसायनशास्त्रातला वाटतो, ‘वैशिष्ट्य’ म्हटले की कौतुक केल्यासारखे होते आणि ‘लक्षण’ आजाराकडे जाते. शिवाय सबंध कुळाला ‘लव्हाळे’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : ‘लक्षण’ सोडू नका. आजाराचा अर्थ रूढ झाला असला तरी न्यायशास्त्रात (भारतीय तर्कशास्त्रात) लक्षण म्हणजे असाधारण धर्म : त्या वर्गातल्या सगळ्यांत असणारा आणि बाहेरच्या कुणातही नसणारा. त्याचे दोषही तिथे सांगितले आहेत. ‘शिंगे असणे’ हे गायीचे लक्षण म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंग’ म्हटले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. ‘एकच अखंड खूर’ कुठल्याच गायीला नसतो, तो असंभव.

तुमच्या विषयाला ही कसोटी नेमकी लागते. ‘तिधारी खोड ते मोथ्याचे कूळ’ असे सर्रास सांगतात, पण याच कुळातल्या इलिओकॅरिस या प्रजातीच्या (जीनसच्या) कित्येक जातींचे खोड वाटोळे असते. म्हणजे अव्याप्ती. ‘लव्हाळे’चेही तसेच. शेतकऱ्याचा लव्हाळा म्हणजे बहुधा सायपरस रोटुंडस, आणि कुळात तर 5,000 हून अधिक जाती आहेत. ‘मोथ्याचे कूळ’च ठेवा.

आता जातींकडे. सायपरस प्रजातीतल्या रोटुंडस आणि एस्क्युलेंटस या दोन जातींची उंची पाहून काही कळत नाही, ती पाण्यावर आणि जमिनीवर बदलते. रोटुंडसचे तुष तांबूस-जांभळट, एस्क्युलेंटसचे पिवळसर. पण वाळलेल्या नमुन्यात रंगावर फार विसंबू नये. उपटून पाहा : रोटुंडसचे कंद एकापुढे एक माळेसारखे, एस्क्युलेंटसचे धाग्यांच्या टोकाला एकेकटे. रंग ही खूण झाली. कंदांची मांडणी हे व्यवच्छेदक लक्षण.

प्रतिप्रश्न : ‘व्यवच्छेदक’ जड नाही का? नुसते ‘लक्षण’ लिहून भागणार नाही?

उत्तर : जड आहे खरा, पण त्यात एक सोय आहे. व्यवच्छेद म्हणजे वेगळे काढणे, आणि वेगळे काढणे नेहमी कशापासून तरी असते. सायपरसच्या बहुतेक जातींत किंजल्क (फुलातली पराग झेलणारी टोके) तीन आणि फळ तिकोनी. पायक्रीयस या जवळच्या प्रजातीमध्ये किंजल्क दोन आणि फळ दोन्ही बाजूंनी चपटे. हे लक्षण पायक्रीयसला सायपरसपासून तोडते, पण किलिंगा या तिसऱ्या प्रजातीपासून तोडत नाही, कारण किलिंगातही किंजल्क दोनच. तिथे कणिशक (फुलांचे छोटे कणीस) कसे गळते ते पाहावे लागते : किलिंगाचे अख्खे गळते, पायक्रीयसचे तुष एकेक करून गळतात आणि मधली दांडी उरते. म्हणून वाक्यात ‘अमक्यापासून व्यवच्छेदक’ असेच लिहावे. ‘भेदक लक्षण’ म्हटले तरी माझी हरकत नाही, तेवढे ‘पासून’ गाळू नये.

डीएनएच्या अभ्यासानंतर पायक्रीयस आणि किलिंगा या दोहोंना सायपरसमध्येच धरणारे अभ्यासक आता बरेच आहेत. त्याने ही लक्षणे खोटी ठरत नाहीत. हातातली वनस्पती त्यांनीच ओळखायची. फक्त तेवढ्यावरून प्रजातीची सीमा ठरत नाही. लेखात ‘ओळखण्याचे लक्षण’ आणि ‘वर्गीकरणाचे लक्षण’ असा भेद जरूर करा.

प्रश्नकर्ती : पटले. याच कुळातल्या केअरेक्स प्रजातीचा परिच्छेद असा बदलला आहे : ‘केअरेक्समध्ये फळाभोवती पिशवी असते, हे त्या प्रजातीचे सायपरसपासून व्यवच्छेदक लक्षण. त्या पिशवीची चोच, शिरा आणि लव यांवरून जाती एकमेकींपासून वेगळ्या काढतात. म्हणून फळ पिकण्याआधी खुडलेला नमुना बहुधा अनोळखीच राहतो.’