मदत हवी आहे : चौथ्या मजल्यावर डायल्यूशन डिस्पेन्सर औषध पुरेसे ओढत नाही (नेरूळ)

नमस्कार.

नेरूळमधील एका ३० खाटांच्या रुग्णालयात मी स्वच्छता विभागाची जबाबदारी सांभाळते. इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची असून पाण्याची टाकी गच्चीवर आहे. फरशी पुसण्याचे जंतुनाशक पूर्वी मावशी झाकणाने मोजून बादलीत घालत असत. कोणाचे झाकण काठोकाठ, कोणाचे अर्धे, त्यामुळे प्रमाण कधीच एकसारखे राहत नसे आणि दाट द्रव हातावर उडून कातडी सोलवटल्याच्या तक्रारीही येत. म्हणून तीन महिन्यांपूर्वी आम्ही तळमजला, दुसरा आणि चौथा मजला असे तीन ठिकाणी डायल्यूशन डिस्पेन्सर, म्हणजे दाट द्रव ठरलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून देणारे यंत्र, भिंतीवर बसवून घेतले. या यंत्राला वीज लागत नाही. नळाचे पाणी आतल्या अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तिथला दाब घटतो आणि त्या ओढीने कॅनमधला द्रव नळीतून वर येऊन पाण्यात मिसळतो. किती द्रव यावा, हे नळीत बसवलेल्या रंगीत टिपच्या छिद्रावर ठरते. आमचे जंतुनाशक क्वाटर्नरी अमोनियम वर्गातले असून लेबलवर १:५० प्रमाण दिले आहे, म्हणजे १० लिटरच्या बादलीला साधारण २०० मि.लि.

मागच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या एका मावशींनी मला थांबवून सांगितले, "ताई, पाण्याला रंग येतो, पण औषधाचा वास येत नाही." त्या अनेक वर्षे हेच काम करत आहेत, म्हणून मी त्याच दिवशी तिन्ही यंत्रे मोजली. नळीचे टोक कॅनमधून काढून मोजपात्रातल्या द्रवात सोडले, १० लिटरची बादली भरली आणि पात्रातला द्रव किती कमी झाला ते लिहून घेतले. तळमजल्यावर १९५ मि.लि. आले, दुसऱ्या मजल्यावर ३३० आणि चौथ्या मजल्यावर फक्त ६०.

दुसऱ्या मजल्याचे कारण लगेच सापडले. टिपमध्ये क्षार अडकला म्हणून एका मामांनी ते छिद्र टाचणीने मोकळे केले होते आणि त्यात ते मोठे झाले होते. फरशी चिकट होते अशी तिथली तक्रार होती, तिचाही उलगडा झाला. नवी टिप बसवल्यावर आकडा २०० वर आला.

चौथ्या मजल्यावर मात्र टिप बदलली, नळीच्या तळाची जाळी आणि फूट व्हॉल्व्ह (नळीतला द्रव परत कॅनमध्ये उतरू न देणारी झडप) धुतला, पाणी आत येते तिथली चाळणीही साफ केली, तरी फरक पडला नाही. सकाळी टाकी पूर्ण भरलेली असताना मोजले तर ९० मि.लि. येतात आणि दुपारी पुन्हा ६०. तळमजल्यावर बादली पाऊण मिनिटात भरते, तर इथे जवळजवळ दोन मिनिटे लागतात. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण याच मजल्यावर असतात, आणि किती दिवस तिथली फरशी नुसत्या रंगीत पाण्याने पुसली गेली असेल, या विचाराने मला स्वस्थता नाही.

यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञांनी टिप काढूनच टाकण्याचा सल्ला दिला आहे, तो मला पटत नाही. दुसरे असे की, त्याच यंत्राच्या रिकाम्या जोडणीवर सोडियम हायपोक्लोराइटचा (ब्लीचचा) कॅन लावावा, अशी सूचना आली आहे. शेजारच्या जोडणीवर शौचालयाचा आम्लयुक्त क्लीनर आहे. या दोन्ही बाबतीत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपण मोजून पाहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. दोष यंत्रात नसून उंचीत आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो (प्लंबर त्यालाच एक केजी म्हणतात). तळमजल्यावर टाकीपासून १७-१८ मीटर उतार मिळतो, चौथ्या मजल्यावर जेमतेम पाच. माहितीपुस्तिकेत किमान दाब दिलेला असेल, तो पाहावा आणि यंत्राच्या तोंडाशी गेज लावून पाणी चालू असताना दाब मोजावा. नळ बंद असताना दिसणारा आकडा फसवा असतो.

टिप काढू नका. आज कदाचित प्रमाण जुळेल, पण टाकीची पातळी बदलली की तेही बदलेल, आणि उद्या पंप बसवलात तर दाट द्रव भसाभसा येईल. फक्त या यंत्राच्या जोडणीवर प्रेशर स्विच असलेला छोटा बूस्टर पंप (पाण्याचा दाब वाढवणारा पंप) लावणे हाच खात्रीचा उपाय आहे.

हायपोक्लोराइट तिथे मुळीच लावू नका. ते आम्लात मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. कॅन वेगळे असले तरी बाहेर पडण्याची नळी एकच असते आणि तिच्यात आधीचा द्रव थोडा उरतोच. याच कारणाने फरशीचा साधा साबणयुक्त क्लीनरही त्या नळीतून घेऊ नये, कारण अ‍ॅनायनिक साबणामुळे क्वाटर्नरी अमोनियमचा प्रभाव मारला जातो.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. टाकी धुण्यासाठी वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली कोणी नळ उघडला, तर उभ्या पाइपातले पाणी खाली उतरताना वरच्या मजल्यांवर उलटी ओढ निर्माण होते, आणि यंत्रात परतीचा अडथळा नसेल तर जंतुनाशक पाण्याच्या पाइपात शिरू शकते. पाण्याची धार मोकळ्या हवेतून उडी घेऊन पुढे जाते अशी फट आपल्या यंत्रात आहे का, ते पाहा. नसेल तर बॅकफ्लो प्रिव्हेंटर (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) बसवून घ्या. तसेच बाहेरच्या नळीच्या टोकाला तोटी किंवा गन लावू नका.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आज गेज लावून पाहिले. पाणी चालू असताना चौथ्या मजल्यावर ०.३ बार आणि तळमजल्यावर १.४ बार दाब आहे. पुस्तिकेत किमान १ बार लिहिले आहे आणि ते पान आम्ही कोणीच वाचले नव्हते. हवेची फट तिन्ही यंत्रांत आहे, याची खात्री करून घेतली. हायपोक्लोराइटचा विचार सोडला आहे. पंप येईपर्यंत चौथ्या मजल्याचे मिश्रण तळमजल्यावर भरून, कॅनवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहून लिफ्टने वर पाठवत आहोत, आणि ते रोज ताजेच करत आहोत. दर सोमवारी मोजपात्राने तपासणी होईल. तिची वही त्याच मावशींकडे दिली आहे.

टिप आणि गळ्यावर पुन्हा क्षार साचू नये यासाठीही सांगावे. मोरबे धरणाचे पाणी असते तेव्हा त्रास नसतो, पण उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागला की पांढरा थर दिसू लागतो.

प्रतिसाद

आठवड्यातून एकदा नळी कॅनमधून काढून स्वच्छ कोमट पाण्यात सोडावी आणि एक-दोन बादल्या भरून घ्याव्यात. थर दिसला तर टिप आणि जाळी काढून सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात अर्धा तास भिजवून भरपूर पाण्याने धुवावी. टाचणी, तार यांपैकी काहीही छिद्रात घालू नये. टँकरचे दिवस सुरू झाले की सोमवारची मोजणी एक दिवसाआड करावी.