मांजरासोबत नदीकाठी मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

कुत्र्याला घेऊन डोंगर-नद्या फिरणारे खूप भेटतात, मांजरवाले मात्र शक्यतो कुणाकडे तरी सोय लावून जातात. पण मांजराला सोबत नेऊन नदीकाठी तंबूत राहिलेलेही आहेत, त्यांचे अनुभव एका जागी यावेत असं फार दिवस मनात होतं म्हणून हा धागा. काय नेलं, काय टाळलं, मांजर कसं वागलं, सगळं लिहा, हात आखडता घेऊ नका. सुरुवात मीच करते.

आमची मनी नदी बघून जागच्या जागी बसली. अंग चोरून, कान मात्र एकसारखे फिरतायत. मांजरं चाहुलीवर जगतात आणि खळखळाटात बाकीची चाहूल दबते, त्यामुळे ती बावरतात असं माझं मत. म्हणून आम्ही पाणी संथ असेल अशाच जागी, काठापासून बरंच वर तंबू टाकतो. तिथे ती हळूहळू मोकळी होते, ओल्या वाळूवर एक पंजा टेकवते, उचलते, बोटं फाकवून झटकते, हुंगते आणि मग दुसरा पंजा. हे बघत बसायला मला माथा गाठण्यापेक्षा जास्त आवडतं, खरंच.

*

हार्नेसबद्दल, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याबद्दल लिहितो. नुसत्या गळपट्ट्याला दोरी लावून नेऊ नका, गळ्याला फास बसतो. जॅकेटसारखा हार्नेस घ्या, पट्टा आणि अंगामध्ये दोन बोटं जातील इतपतच सैल, आणि निघायच्या कित्येक आठवडे आधीपासून घरात घालायची सवय लावा. तरीही घाबरलेलं मांजर मागे मागे सरकत त्यातून निसटू शकतं. आमच्या बोक्याचं तेच झालं, वळणावरून अचानक एक नाव आली आणि हा गायब! सगळे हाका मारत नदीच्या दोन्ही दिशांना धावले, पण सोबतच्या मैत्रिणीने आधी सगळ्यांना गप्प केलं. तिचं म्हणणं, भेदरलेलं मांजर सहसा लांब जात नाही, जवळच दडून बसतं आणि ओळखीच्या आवाजालाही ओ देत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरून एकेक झुडूप बघत गेलो, कारण मांजराच्या डोळ्यातल्या पडद्यावरून उजेड परत फिरतो. तंबूपासून हाकेच्या अंतरावरच, मुळांच्या बेचक्यात दोन हिरवे ठिपके चमकले. मैत्रीण जमिनीवर पालथी पडून खाऊचा डबा हलवत राहिली, किती वेळ कोण जाणे, पण आला एकदाचा. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली होती, पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे, कुणाला मांजर सापडलं आणि त्याने स्कॅनरखाली धरलं तरच तिचा उपयोग. आता हार्नेसवर छोटा ट्रॅकरही असतो.

*

वरचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे दोन मांजरं आहेत आणि त्यातलं एकच येतं. दुसरीला बाहेरचा दरवाजा उघडला तरी कान मागे, डोळे मोठे. तिला ओढून नेणं म्हणजे निव्वळ छळ आहे, फोटो कितीही छान आले तरी. ती घरीच खूश असते.

*

उन्हाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीला, त्यातून अंग काही थंड होत नाही. कुत्रा धापा टाकतो तसं मांजर तोंड उघडून धापायला लागलं की काहीतरी बिनसलंय समजा, लगेच सावली, पाणी, पंजे आणि पोट ओलं करायचं (बर्फासारखं पाणी नको), आणि थांबलं नाही तर सरळ डॉक्टर. नदीतले खडक दुपारी तापतात, आधी हाताची उलटी बाजू टेकवून बघा. आम्ही पहाटे आणि संध्याकाळी चालतो, मांजराचीही जागं असायची तीच वेळ. चालणं म्हणजे काय, पाच पावलं, मग एक पान हुंगणं, मग परत पाच पावलं, आणि कंटाळली की पाठीवरच्या सॅकमध्ये.

*

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. कुत्र्यांसाठीचं गोचिडाचं औषध मांजराला अजिबात लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही, झटके येतात, मरतंसुद्धा. शेजारच्या तंबूतले एक काका खूप प्रेमाने द्यायला आले होते, लेबल वाचून हात जोडून परत केलं. तुम्ही स्वतःला मच्छरांचं क्रीम फासत असाल तर तेही तिच्या चाटण्यात येणार नाही हे बघा. आणि साचलेल्या पाण्यावर हिरवट साय दिसली तर मांजराला तिथे फिरकू देऊ नका, शेवाळासारखं दिसणारं ते विषारी असू शकतं, पंजे चाटले तरी पोटात जातं. पिण्याचं पाणी आपलंच न्या.

*

रात्रीचं सांगतो. तंबूत शिरल्यावर आधी चेन बंद, मग हार्नेस काढायचा, हा क्रम मोडायचा नाही. बाहेर खुंटीला बांधून झोपायला तर नाहीच, दोरी गुंतते आणि कोल्हा-कुत्रा आला तर तिला पळायलाही जागा नसते. वाळूवर अंडी घालणारे पक्षी असतात, त्यांच्या हंगामात आम्ही वाळूवर उतरतच नाही, काठावरच्या झाडीतूनच फिरतो.

आणि एक विनंती, शी नदीजवळ पुरू नका. माणसालाही आजारी पाडू शकणारा टॉक्सोप्लाझ्माचा जंतू मांजराच्या विष्ठेतून पाण्यात जातो आणि तिथे महिनोन् महिने टिकतो. घडीचा लिटर ट्रे मिळतो, सगळं पिशवीत बांधून परत आणता येतं. वास येऊ नये म्हणून कुणी काही वापरत असेल तर प्लीज लिहा.