शब्दचर्चा : ‘काल्पनिक रोगी’ म्हणजे नेमका कोण?

घोळदार :
फ्रेंच नाटककार मोलिएरच्या शेवटच्या नाटकाचं नाव ‘ल मालाद इमाजिनेर’ (१६७३). शब्दाला शब्द ठेवला की मराठीत ‘काल्पनिक रोगी’ होतं आणि तिथंच गाडी रुळावरून घसरते. काल्पनिक पात्र म्हणजे नसलेलं पात्र, काल्पनिक गाव म्हणजे नसलेलं गाव. मग काल्पनिक रोगी म्हणजे नसलेला रोगी? नाटकाचा नायक आर्गाँ तर पडदा उघडल्यापासून खुर्चीत ठाण मांडून बसलाय. नाही तो त्याचा रोग. ‘मनोरुग्ण’ तर अगदीच चुकीचं. ‘मानीव रोगी’ कायद्याच्या कागदासारखं वाटतं, सोसायट्यांच्या जमिनीचं मानीव अभिहस्तांतरण आठवतं. काय करावं?

विंगेतला :
घोळ त्या विशेषणात आहे. फ्रेंचमध्ये ‘इमाजिनेर’ माणसाला लावलं की अर्थ होतो ‘स्वतःच्या समजुतीपुरताच जो तसा आहे तो’. मराठी ‘काल्पनिक’ला ही सोय नाही. आपल्याकडे कल्पना करणारा कोणी दुसराच असतो, बहुधा लेखक. ‘मानलेला रोगी’ करून पाहा, लगेच मानलेल्या भावाच्या रांगेत जाऊन बसतो.

मोलिएरने हे विशेषण तेरा वर्षं आधीही शीर्षकात वापरलं होतं : ‘स्गानारेल, उ ल कोक्यू इमाजिनेर’ (१६६०). ‘कोक्यू’ म्हणजे ज्याची बायको बाहेरख्याली आहे असा नवरा. त्याच्यासाठी मराठीत चारचौघांत वापरता येईल असा एकच शब्द नाही. जार आहे, कुलटा आहे, नवऱ्याची जागा रिकामी. फ्रेंचमध्ये अशा नवऱ्याला शिंगं फुटतात. तो विनोद तसाच मराठीत आणला तर ‘याला शिंगं फुटली’ म्हणजे हा शेफारला, उद्धट झाला असाच अर्थ निघणार आणि प्रवेश उलटा पडणार. शिंगं सरळ कापून टाकावीत, डागडुजीच्या भानगडीत पडू नये.

या शीर्षकाचं कोडं मराठीत फार पूर्वी सुटलंय, तेही वळसा घालून. या ‘कोक्यू’च्या नाटकावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ केलं, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ आणि मग १९१६ साली संगीत ‘संशयकल्लोळ’. मोलिएरकडे सेली बेशुद्ध पडताना हातातली लेलीची छोटी तसबीर खाली पडते, ती स्गानारेलच्या बायकोला सापडते आणि पुढचा गोंधळ सुरू होतो. तसबीर मराठीपर्यंत पोचली. ‘कोक्यू’ही गेला आणि ‘इमाजिनेर’ही गेलं, उरला तो संशय. नाव माणसाचं न ठेवता त्याच्या मनात माजलेल्या गोष्टीचं ठेवलं. घोळदार, तुमचं उत्तर याच वाटेवर असावं असं वाटतं.

तिसरी घंटा :
वळसा न घालता सुटलेलंही उदाहरण आहे. ‘ल मेदसँ मालग्रे लुई’ (१६६६) म्हणजे ‘स्वतःच्या इच्छेविरुद्ध झालेला वैद्य’. हरिभाऊ आपट्यांनी केलं ‘मारून मुटकून वैद्यबुवा’. नाटकात लाकूडतोड्याला दोघं जण काठीने बडवतात, तो ‘हो बाबा, मी वैद्य’ म्हणेपर्यंत. आपण ‘मारून मुटकून’ नुसतं ‘बळजबरीनं’ या अर्थी बोलतो, इथं मार खराखुरा पडतो. मूळ शीर्षकात काठी नाही, मराठीत आहे. मूळावर मात म्हणतात ती ही.

अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ही त्याच जातीचं. मूळ ‘लावार’ म्हणजे साधा ‘कंजूष’. त्या नाटकात म्हातारा ‘साँ दोत’ हे दोन शब्द घोकत राहतो. त्यासाठी मात्र शोधाशोध नको, ‘बिनहुंड्याची!’ जागच्या जागी बसतं.

मात्रावळसा :
शीर्षकाआधी पहिला प्रवेश घ्या, खरी परीक्षा तिथं आहे. आर्गाँ एकटा बसून औषधवाल्याचं महिन्याचं बिल तपासतोय, समोर हिशेबाच्या चकत्या. कलम येतं : साहेबांची आतडी मऊ, ओली आणि थंड करण्यासाठी पूर्वतयारीचा एक सौम्य ‘क्लिस्तेर’, तीस सू. आर्गाँ म्हणतो, मागच्या बिलांत वीसच लावले होते, आणि औषधवाल्याच्या भाषेत वीस म्हणजे दहा. हे घे दहा.

आता शब्द. ‘क्लिस्तेर’ला एनिमा म्हटलं की सतरावं शतक संपलं. आपल्या वैद्यकात तयार शब्द आहे : बस्ती. क्रियापदही ठरलेलं, बस्ती देणे. ‘मऊ करणारा’ वगैरे विशेषणांना ‘स्निग्ध, मृदुकर, शीतल’ अशी संस्कृत माळ लावावी, कारण मूळ विनोदच त्यावर आहे. घाण कामाला भरजरी नाव आणि नावाचे वेगळे पैसे.

नाण्यांत मात्र फसाल. मोलिएरच्या काळी फ्रान्समध्ये १ लीव्र = २० सू, १ सू = १२ दनिए. आपल्याकडे पूर्वी १ रुपया = १६ आणे, १ आणा = १२ पै. खालची पायरी जुळते म्हणून सूचा आणा आणि लीव्रचा रुपया करण्याचा मोह होतो. तीस सूचे झाले १ रुपया १४ आणे, ठीक. पण आर्गाँची एकूण बेरीज ६३ लीव्र ४ सू ६ दनिए आहे. ती ‘६३ रुपये ४ आणे ६ पै’ अशी ठेवली तर सू = आणा हे प्रमाण मोडलं. ते पाळायचं तर १२६४ आणे ६ पै, म्हणजे ७९ रुपये ० आणे ६ पै. कलमं एका दराने आणि बेरीज दुसऱ्या दराने असं झालं, तर वही घेऊन बसलेला प्रेक्षक नसला तरी नटाची जीभ अडखळते. फ्रेंचमध्ये आजही कीस काढलेल्या, तपासता न येणाऱ्या हिशेबाला ‘औषधवाल्याचा हिशेब’ म्हणतात, म्हणून इथं आकडे जपावेत.

आणि त्या बेरजेनंतरचं वाक्य : या महिन्यात आठ औषधं नि बारा बस्त्या, गेल्या महिन्यात बारा औषधं नि वीस बस्त्या, तरीच या महिन्यात तब्येत बरी नाही. अख्खा माणूस या ओळीत आहे.

घोळदार :
डॉक्टरांची नावं? प्युर्गों, फ्लराँ?

मात्रावळसा :
प्युर्गोंमध्ये रेच ऐकू येतो, फ्लराँमध्ये हुंगणं. तो औषधवाला बस्तीचा परिणाम नाकाने तपासणार, असा तो टोला. रूपांतर करायचं असेल तर रेचकशास्त्री आणि हुंगणे चालतील. भाषांतर असेल तर मूळ नावं ठेवा. टीप देऊ नका, टीप रंगमंचावर दिसत नाही.

तिसरी घंटा :
शेवटचा समारंभ विसरू नका. आर्गाँलाच वैद्य करतात, मोडक्या लॅटिनमध्ये : ‘क्लिस्तेरियुम दोनारे, पोस्तेआ सेन्यारे, एन्सुइता पुर्गारे’. फ्रेंच शब्दांना लॅटिन शेपट्या. शुद्ध संस्कृतात नेलं तर मंत्रपुष्पांजली होईल आणि हशा मरेल. मराठी धातूंना संस्कृत शेपट्या लावा : ‘प्रथमं बस्तिं देयात्, पश्चात् रक्तं काढयेत्, ततो जुलाबं घालयेत्’. ‘काढयेत्’वर हशा आला पाहिजे. नाही आला तर नट ते फार शुद्ध म्हणतोय.

याच समारंभात शपथेचा शब्द ‘जूरो’ म्हणताना १७ फेब्रुवारी १६७३ ला, चौथ्या प्रयोगात, आर्गाँच्या वेषातल्या मोलिएरला झटका आला. तो त्यानं हसण्याखाली झाकला. ‘मोलिएरने रंगमंचावर प्राण सोडला’ असं लिहितात, ते चूक. प्रयोग पूर्ण झाला, त्याला र्‍यू द रिशल्यूवरच्या घरी नेलं आणि त्याच रात्री तिथं तो गेला. फार तर ‘रंगमंचावर कोसळला’ म्हणा.

विंगेतला :
मग माझी सूचना : ‘धडधाकट दुखणाईत’. दुखणाईत हा अस्सल शब्द, धडधाकट त्याला छेद देतो. आधार नाटकातच आहे. तिसऱ्या अंकात भाऊ बेराल्द सांगतो, तुझी प्रकृती उत्तम असल्याचा पुरावा हाच की इतकी औषधं घेऊनही तू मेला नाहीस.

घोळदार :
हे आवडलं. जाहिरातीत जरा लांब होईल, पण अर्थ जागेवर राहतो. त्याच प्रवेशात आर्गाँ खुद्द मोलिएरला शिव्या घालतो ना? ‘क्रेव्ह! क्रेव्ह!’ याला ‘मर, मर’ पुरेल?

विंगेतला :
नाही पुरणार. ‘क्रेव्ह’ जनावराच्या मरणाचा शब्द आहे, माणसासाठी वापरला की शिवी होते. ‘मर’ आई पोरालासुद्धा म्हणते. ‘गचक मेल्या, गचक!’ करा. त्यावर बेराल्द म्हणतो की मोलिएर औषध घेणार नाही, त्याच्या अंगात जेमतेम दुखणं सोसण्यापुरतीच ताकद आहे. ही ओळ साध्या आवाजात जाऊ द्या, तिला विनोदी चाल लावू नका.