सगळं माहीत होतं, तरी तसं वागलो नाही. हे प्रबंधात मांडायचं कसं?

अर्धवट_प्रबंध

मंडळी, प्रबंध अडकलाय. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. माझ्या गाईडना माझा इथला आयडी ठाऊक नाही, या भरवशावर मोकळेपणाने लिहिते.

विषय: कोविडच्या काळातलं विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. याला केएपी सर्व्हे म्हणतात (नॉलेज, अ‍ॅटिट्यूड, प्रॅक्टिस). हा प्रकार जुना आहे, १९५०च्या दशकातल्या कुटुंबनियोजनाच्या अभ्यासांपासूनचा. त्यामागचं गृहीतक साधं: माहिती दिली की मत बदलतं, मत बदललं की वागणं बदलतं. २०२० मध्ये वर्ग बंद, लॅब बंद, हाताशी उरला गूगल फॉर्म, आणि या सर्व्हेंचं नुसतं पीक आलं. त्या पिकात उशिरा आलेली माझी एक पेंढी. मी आज विचारतेय की तेव्हा तुम्ही काय करत होतात.

हात किती सेकंद धुवायचे (२०), सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान किती हवं (६० टक्के), अँटिबायोटिक विषाणूवर चालतं का (नाही), लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात (२ ते १४). जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी! आचरणाच्या भागात तर ओळीने 'नेहमी', 'नेहमी', 'नेहमी'. पुण्यवंतांच्या गावाची शिरगणती केल्यासारखं वाटलं. आता ज्ञान आणि आचरण यांचा सहसंबंध, म्हणजे एक वाढलं की दुसरं वाढतं का याचं माप, काढला तर तो शून्याच्या आसपास घुटमळतोय. गाईड म्हणतात, 'ज्ञान वाढल्यास आचरण सुधारते, सबब जनजागृती करावी, असं लिही आणि मोकळी हो.'

लिहवत नाही, कारण मी स्वतः. हॉस्टेल पुन्हा उघडलं तेव्हाची गोष्ट. खोल्यांमध्ये जमायला बंदी होती. रूममेटचा वाढदिवस, रात्री आम्ही नऊ जणी एका खोलीत. आवाज रेक्टरबाईंपर्यंत जाऊ नये म्हणून खिडकी बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल. दोन तास गाणी म्हटली. मी मास्क काढला नव्हता, पण बाकीच्यांना काही बोललेही नाही. त्या दिवशी माझी ही प्रश्नावली कोणी माझ्यापुढे ठेवली असती तर मी पहिली आले असते.

तर आता या डेटाचं करू काय? आणि पुन्हा विचारायचं झालं तर विचारू काय?

आकडेमोड्या

तुझा सहसंबंध शून्य आला याचा अर्थ 'संबंध नाही' असा लगेच काढू नकोस. सगळेच पहिले आले तर परीक्षेने काय मोजलं? एका बाजूला सगळे पैकीच्या पैकी, दुसऱ्या बाजूला सगळे 'नेहमी'. दोन्हीकडे चढउतारच नाहीत, मग एकाबरोबर दुसरं हलणार कसं? याला छताचा परिणाम म्हणतात, सगळ्यांची डोकी छताला टेकली की उंची कळत नाही. प्रश्न अवघड कर. 'हात किती सेकंद' हे तर पोस्टरवर लिहिलेलं होतं.

दुसरं. तुझी उत्तरसूची कोणत्या तारखेची आहे? २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ट्विट केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही, वर ठळक 'तथ्य' असं लिहून. २०२१च्या एप्रिलअखेर त्यांच्याच पानावर आलं की कोंदट, गर्दीच्या खोलीत सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि एक मीटरपलीकडेही जातात. कापडी मास्कची सर्वसामान्यांसाठीची शिफारस ५ जून २०२० ची, त्याआधी सल्ला होता की आजारी असाल किंवा आजाऱ्याची शुश्रूषा करत असाल तरच लावा. म्हणजे मार्च २०२० मध्ये 'हवेतून पसरतो' म्हणणारा पोरगा तेव्हाच्या उत्तरसूचीत नापास आणि पुढच्या वर्षीच्या सूचीत हुशार. तुझ्या कथेतली खिडकी तुझ्या प्रश्नावलीत कुठे आहे? मी तुझी पूर्ण यादी पाहिलेली नाही, पण पैज लावतो, नाही.

आणि आज विचारून तेव्हाचं वागणं कळेल यावर फार विसंबू नकोस. लोक खोटं बोलतात असं नाही, पण आठवण स्वतःला इस्त्री करून घेते. निदान त्या महिन्यातले फोनमधले फोटो चाळून मग उत्तर द्या, असं सांग.

तिसरा_मजला

मी आकडेवाला नाही, पण खोकला लपवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहितो.

शेवटचं सेमिस्टर, प्रॅक्टिकल चार दिवसांवर. घसा खवखवत होता, रात्री कणकण. नियम असा की लक्षण सांगितलं की वेगळ्या इमारतीत रवानगी आणि प्रॅक्टिकल बुडालं तर पुढच्या सत्रात. पुनर्परीक्षेचं कोणी अक्षर बोलत नव्हतं. दारात कपाळावर थर्मामीटर लावायचे, म्हणून मी आधी पॅरासिटामॉल घ्यायचो. हे मला शिकवलं कोणी, तर माझ्याच जीवशास्त्राच्या ज्ञानाने! ताप कशाने उतरतो, किती वेळात उतरतो, गोळीचा असर किती तास राहतो, सगळं तोंडपाठ. तुझ्या तक्त्यात मी 'उत्तम ज्ञान' मध्येच बसेन.

त्यामुळे 'ज्ञान असूनही नीट वागले नाहीत' हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. काही जण ज्ञान वापरूनच चुकीचं वागले. तुझ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घाल: लक्षण सांगितलं असतं तर तुमचं काय बुडालं असतं? माझं एक वर्ष. माझ्या शेजारच्याचं काहीच नाही, त्याचं प्रॅक्टिकल होऊन गेलं होतं, आणि तो पठ्ठ्या पहिल्याच दिवशी जाऊन सांगून आला. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून तेच शिकलो होतो.

पुढे माझी टेस्ट निगेटिव्ह आली, पण ते नशीब. प्रॅक्टिकलला समोर बसलेल्या परीक्षकांचं वय आठवलं की अजूनही बरं वाटत नाही.

पांढरा_कोट_उधार

इथे सगळे ज्ञानाला धोपटायला निघालेत म्हणून उलट बाजू. मी नर्सिंगला होते. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस सर्वात जास्त संसर्ग पसरवू शकतो, हे कळल्यावर माझं वागणं बदललं. त्याआधी मी 'मला काही होत नाहीये ना, मग ठीक' या हिशोबाने आजीच्या खोलीत जायचे. नंतर दारातूनच बोलायचे. ती रागवायची, म्हणायची, शिकून परकी झालीस. पण मी गेले नाही. तेव्हा एखादी माहिती खरंच वागणं बदलते. हात किती सेकंद धुवायचे ही ती माहिती नव्हे, एवढंच.

बाकी तिसरा_मजला म्हणतात ते आमच्या अभ्यासक्रमातही होतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाची एक्स-रे तपासणी फुकट, तीही फिरत्या गाडीतून असताना लोक येईनात, तेव्हा तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी शोध घेतला. त्यातून आरोग्य श्रद्धा प्रतिमान आलं: मला होईल का, झालं तर किती वाईट, उपायाचा फायदा किती आणि अडचण किती, याचा माणूस मनात हिशोब करतो. तुझ्या 'दृष्टिकोन' विभागात यातलं काय आहे? 'सर्वांनी नियम पाळावेत असे वाटते का' असले प्रश्न असतील तर काढून टाक. त्याला 'नाही' कोण म्हणणार?

अर्धवट_प्रबंध

अगदी तोच प्रश्न आहे. क्रमांक १७. काढते.

@आकडेमोड्या, पैज जिंकलात. खिडकीवर एकही प्रश्न नाही. अंतर, मास्क, हात, सगळं आहे, हवा नाही. पण आचरणाचं काय करू? समोर फॉर्म आला की माणूस 'नेहमी'च लिहिणार. निनावी आहे असं वर ठळक लिहिलंय, तरी लिंक त्यांच्याच विभागाच्या ग्रुपवर गेली होती.

आकडेमोड्या

लिंक विभागाच्या ग्रुपवर टाकलीस तर निनावीपणावर कोण विश्वास ठेवेल? मीही 'नेहमी' लिहिलं असतं.

नाणं वापर. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी यामागची कल्पना मांडली, नाण्याची ही सोपी आवृत्ती नंतरची. प्रश्न: 'लक्षणं असताना तुम्ही ती लपवलीत का?' प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, 'हो' लिहायचं. काटा पडला तर खरं उत्तर. आता एखाद्याचा 'हो' दिसला तरी तो नाण्याचा की त्याचा, हे तुला कळणार नाही आणि त्यालाही ते माहीत असतं. समजा १०० जणांत ७० 'हो' आले. ५०च्या आसपास नाण्याचे, उरले २०. ते काटा पडलेल्या ५० जणांतले, म्हणजे ४० टक्के.

याची किंमत आहे. नाण्याचा गोंधळ मिसळतो म्हणून माणसं बरीच जास्त लागतात, किती जणांना विचारायचं याच्या नेहमीच्या सूत्रातून येणाऱ्या ३८४ वर भागणार नाही. शिवाय कोणा एकाचं उत्तर कळत नसल्याने नेहमीचा सहसंबंध निघणार नाही. ज्यांचं वर्ष बुडणार होतं ते आणि ज्यांचं नव्हतं ते, असे दोन गट करून तुलना कर.

तिसरा_मजला

नाणं असतं तर मी खरं लिहिलं असतं. बहुतेक.

अर्धवट_प्रबंध

गाईडशी बोलले. जुना डेटा एका प्रकरणात 'प्रश्नावली कुठे फसली' म्हणून ठेवायला तयार झाले, कुरकुरत. नव्या प्रश्नावलीत हवा येणार, 'काय बुडालं असतं' येणार, नाणं येणार. लिंक विभागाच्या ग्रुपवर जाणार नाही.

आणि फोटो चाळायला सांगण्याआधी म्हटलं आपला बघावा. रूममेटकडे मिळाला, त्याच रात्रीचा. अकरा जणी आहेत. माझा मास्क हनुवटीवर आहे आणि तोंड उघडं, मी गातेय. खिडकी बंद, टॉवेल दाराखाली, ते तेवढं बरोबर आठवत होतं.